लक्षात राहत नाही, आठवत नाही, सुचत नाही

'ब्रेन फॉग' हा शब्द सीवूड्समध्ये आता सोसायटीच्या लिफ्टमध्येही ऐकू येतो. कोविड होऊन गेला, ताप उतरला, खोकला थांबला, माणूस कामावर रुजू झाला. आणि मग काही आठवड्यांनी त्याला जाणवू लागलं, की डोकं पूर्वीसारखं चालत नाही. मीटिंगमध्ये धागा सुटतो. वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येतं आणि तिथेच अडतं. नेमकं काय होतंय असं विचारलं, की हे दोन इंग्रजी शब्द पुढे येतात, ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. मला खटकतं ते हे संपणं.

आमच्या स्टेशनच्या पाटीवर दोन नावं आहेत, सीवूड्स–दारावे. पहिलं नव्या वसाहतीचं, दुसरं तिच्या कितीतरी आधीपासून खाडीकाठी असलेल्या आगरी-कोळी गावाचं. दाराव्यातल्या ज्या मावशींकडून मी मासळी घेतो, त्यांच्या टोपलीशेजारी कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर एक वही दिसू लागली. पूर्वी कोणाची किती उधारी ते त्यांना तोंडपाठ असायचं. वही कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, "करोनापासून ध्यानान नाय ऱ्हत." जुनं आठवतं का? "जुना सगला आठवतंय. आता सांगला त ऱ्हत नाय."

या दोन वाक्यांत लिफ्टमधल्या त्या शब्दापेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. जुना साठा शाबूत आहे, नवीन आत जात नाही, हे मावशींनी वेगळं करून सांगितलं. कोणत्याही मेंदूविकारतज्ज्ञाला पहिल्या भेटीत हेच हवं असतं.

'ब्रेन फॉग' वाईट शब्द आहे असं मी म्हणत नाही. कोविडच्या आधीपासून ल्यूपसचे, दीर्घ थकव्याच्या आजाराचे, केमोथेरपी घेतलेले रुग्ण तो वापरत होते. 'लाँग कोविड' हे नावही कोणत्या वैद्यकीय मंडळाने दिलेलं नाही. एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व-संशोधक बाईंनी मे 2020 मध्ये स्वतःच्या आजारपणाबद्दल ट्विटरवर लिहिताना ते वापरलं आणि जगभरच्या रुग्णांनी उचललं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या त्यानंतर, 6 ऑक्टोबर 2021 रोजी आली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी जाणवणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्या निदानाने उलगडत नाहीत अशी लक्षणं. थकवा, धाप आणि विचारशक्तीतला बिघाड यांची नावं त्या व्याख्येत घेतलेली आहेत. म्हणजे या आजाराला नाव देण्याचं काम आधी रुग्णांनीच केलं. मग आपल्या रुग्णांनी आपल्या भाषेत त्याचं वर्णन का करू नये? वृत्तपत्रांनी 'मेंदूवरचं धुकं' असं भाषांतर केलं खरं, पण ते मी कोणा रुग्णाच्या तोंडून सहज आलेलं ऐकलेलं नाही. रुग्ण म्हणतात लक्षात राहत नाही, आठवत नाही, सुचत नाही. तिन्हींचा अर्थ एक नाही.

'लक्ष' शब्दापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त ऐवज तिथे आहे. संस्कृतात लक्ष म्हणजे खूण, निशाण. ज्यावर नेम धरायचा ते लक्ष्य. ज्या खुणेवरून वस्तू ओळखायची ते लक्षण. आजाराची लक्षणं म्हणतो ती हीच. मराठीने या खुणेच्या शब्दाचा अर्थ मनाच्या रोखाकडे नेला. लक्ष देणं, लक्ष लागणं, लक्ष वेधणं, दुर्लक्ष करणं. विधानसभेत लक्षवेधी सूचना मांडतात तीही याच घरातली. आणि मग मराठीने त्याला सप्तमी लावली. लक्षात येणं म्हणजे कळणं, लक्षात घेणं म्हणजे विचारात घेणं, लक्षात ठेवणं म्हणजे स्मरणात साठवणं. हिंदी बोलणारी आई मुलाला 'याद रखो' म्हणेल तिथे मराठी आई 'लक्षात ठेव' म्हणते. गावाकडची 'ध्यानात ठेव' म्हणते, आणि ध्यान म्हणजे तरी काय, एका जागी लावलेलं चित्तच. दोन्ही शब्दांत स्मरणाची जागा म्हणून अवधानाचं नाव घेतलेलं आहे. ज्याकडे लक्ष गेलं नाही ते लक्षात राहायचं कसं, हे आपण रोजच्या बोलण्यात गृहीत धरतो.

मेंदूचे अभ्यासक हेच सांगतात. आठवणीत काही उतरायचं असेल तर त्यावर आधी काही क्षण अवधान टिकावं लागतं. कोणी फोन नंबर सांगितला, तर तो लिहून होईपर्यंत मनात धरून ठेवणारी एक तात्पुरती स्मृती असते. ती डळमळली, की माणसाला वाटतं आपण विसरलो. खरं तर ते कधी नोंदलंच गेलं नव्हतं. कोविडनंतरच्या तक्रारींत या प्रकाराचा वाटा मोठा आहे. म्हणून कोणी 'लक्षात राहत नाही' म्हणाला तर त्याला 'विसरतोस का?' असं विचारून वाक्य बदलू नये. त्याने अचूक शब्द वापरलेला असतो.

या तक्रारी मनाचे खेळ आहेत का, ही शंका पहिल्या दोन वर्षांत फार लोकांनी घेतली. घरच्यांनी घेतली आणि काही डॉक्टरांनीही. आज ती घ्यायला जागा उरलेली नाही. मार्च 2022 मध्ये 'नेचर'मध्ये ब्रिटनमधल्या 785 जणांच्या मेंदूच्या स्कॅनचा अभ्यास आला. संसर्गाआधी आणि संसर्गानंतर अशी दोन्ही चित्रं हाताशी असल्याने त्याचं मोल मोठं होतं. ज्यांना कोविड झाला त्यांच्या मेंदूत गंधाशी आणि स्मृतीशी जोडलेल्या काही भागांतला करडा थर, न झालेल्यांच्या तुलनेत, किंचित जास्त पातळ झालेला आढळला. आणि यातले बहुतेक घरीच बरे झालेले लोक होते. फेब्रुवारी 2024 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं, की ब्रेन फॉग असलेल्या लाँग कोविडच्या रुग्णांमध्ये रक्त आणि मेंदू यांच्यामधला संरक्षक पडदा गळका झालेला असतो. त्याच महिन्यात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा सुमारे 1,13,000 लोकांच्या चाचण्यांचा अभ्यास छापून आला. पूर्ण बरे झालेल्यांतही बुद्ध्यंकाच्या मापाने सरासरी 3 गुणांची घट होती, लक्षणं टिकून राहिलेल्यांत 6 गुणांची आणि अतिदक्षता विभागात राहून आलेल्यांत 9 गुणांची. 3 गुणांचा फरक एकट्या माणसाला कदाचित जाणवणारही नाही. 9 गुणांचा मात्र बँकेत, वर्गात, कारखान्यात जाणवतो. साथीच्या सुरुवातीच्या काळातल्या विषाणूने बाधित झालेल्यांत घट जास्त होती, नंतरच्या प्रकारांत कमी, हेही त्याच अभ्यासात आहे. वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र कोविड रुग्णालय झालं होतं तो काळ आठवा. त्या वेळी ऑक्सिजनवर राहून आलेली माणसं आज आपल्या शेजारी राहतात.

आता 'आठवत नाही' घेऊ. 'आठव' हा शब्द ज्ञानेश्वरीत आहे, म्हणजे सातशे वर्षांहून जुना. आठवड्याशी त्याचं काही नातं नाही, आठवडा आठ या आकड्यातून आला. आठवण मराठीत बहुतेकदा येते. आपण ती करतो किंवा काढतोही, पण मूळ स्वभाव तिचा येण्याचा. 'मला आठवतं' या वाक्यात मी कर्ता नाही. मला कळतं, मला सुचतं, मला दिसतं, तसंच मला आठवतं: कुठून तरी येतं आणि माझ्यापाशी पोचतं. गोव्याच्या कोंकणीत आठवणीला 'उगडास' म्हणतात. तो शब्द 'उघडणे'च्या जवळचा वाटतो, आणि ते नातं खरं असेल तर तिथेही दार आपोआप उघडण्याचीच कल्पना आहे. फारसीतून आलेल्या 'याद'चंही तेच, तीसुद्धा येते.

विसरण्याचं व्याकरण वेगळं आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. संस्कृत 'विस्मृ', प्राकृत 'वीसरइ', मराठी 'विसरणे' अशी वाट सरळ आहे. गावात 'इसरलो' म्हणतात. विहिरीची इहीर आणि विंचवाचा इंचू होतो तसा इथेही 'इ'आधीचा 'व' गळतो. आता दोन वाक्यं शेजारी ठेवा. 'मी चावी हरवली.' 'मी चावी विसरलो.' पहिल्या वाक्यात क्रियापद चावीचं ऐकतं, चावी स्त्रीलिंगी म्हणून 'हरवली'. दुसऱ्यात ते माझं ऐकतं, मी पुरुष म्हणून 'विसरलो'. दोन्ही क्रियापदं सकर्मक, दोन्ही भूतकाळी, पण हरवण्याचा प्रयोग कर्मणी आणि विसरण्याचा कर्तरी. 'मी कविता शिकलो'मध्येही असंच होतं, त्यामुळे यात कोणी मुद्दाम न्यायनिवाडा करून ठेवलाय असं मानायचं कारण नाही. तरी रोज तेच वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकणाऱ्या रुग्णावर त्याचा भार पडतो. 'मी विसरले, सॉरी', 'परत विसरले', 'मीच विसरले' असं दिवसातून अनेकदा म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दर वेळी कर्ता त्याच.

भाषेत याला पर्याय आहे आणि तो जुना आहे: 'मला विसर पडला.' मराठीत काय काय पडतं ते पाहा. पाऊस पडतो, थंडी पडते, अंधार पडतो, स्वप्न पडतं, प्रश्न पडतो, कोडं पडतं. यातलं काहीही कोणी केलेलं नसतं. विसर याच पंगतीत बसतो. कोविडनंतरच्या विसरण्याला हे वाक्य जास्त खरं आहे, कारण तिथे बिघाड आजाराने केलेला आहे. बोलीतून हा प्रयोग मागे पडत चालला आहे आणि 'विसरलो'च उरलं आहे. तो परत वापरात यावा असं मला मनापासून वाटतं.

तिसरी तक्रार 'सुचत नाही' ही. संस्कृतात 'सूच्' म्हणजे दर्शवणं, आणि मोनियर विल्यम्सच्या कोशात हा धातू बहुधा 'सूची', म्हणजे सुई, या नामावरून आला असं दिलं आहे. सुईचं टोक जिकडे, तिकडे बोट. सूचना, सूचक, पुस्तकामागची सूची ही सगळी त्याची भावंडं. मराठी 'सुचणे'मध्ये मात्र दाखवणारा दिसत नाही, फक्त दिसलेली वाट असते. सुचत नाही म्हणजे पुढचं पाऊल दिसत नाही.

आमच्या मजल्यावर एक शिक्षिका राहतात, मराठीच शिकवतात. कोविडनंतरच्या पावसाळ्यात त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, समोर अर्धा नारळ, आणि मुलीला म्हणत होत्या, "अगं ते दे ना. ते हे. ज्याने हे करतात ते." मुलीने चमचा दिला, मग सुरी दिली. बाईंना हवी होती किसणी. वस्तू डोळ्यांसमोर होती, तिचं काम माहीत होतं, हाताची हालचालही त्यांनी करून दाखवली. फक्त नाव येत नव्हतं. मराठीत 'हे' हा शब्द अशा वेळी फार साथ देतो. नामाच्या जागी हे, क्रियापदाच्या जागी 'हे करणं', माणसाच्या जागी 'ते आपले हे'. या सवयीमुळे शब्द न सापडण्याची अडचण आपल्या घरांत बराच काळ झाकलेली राहते. 'हे'चं प्रमाण वाढलं आहे का, याकडे कान द्यायला हवा.

डोकं सुन्न होणं आणि बधिर होणं हे दोन शब्दप्रयोगही या आजारात ऐकू येतात. सुन्न हा शून्याचा प्राकृतातून आलेला वंशज, आणि सुनं घर म्हणतो त्यातलं सुनंही तेच. बधिर म्हणजे मुळात बहिरा. मराठीने बहिरा हे रूप कानासाठी ठेवलं आणि बधिर हे दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्हींत संवेदना थांबल्याची तक्रार आहे, स्मरणाची नाही. थकवा, अपुरी झोप, डोकेदुखी यांच्याबरोबर हे शब्द येतात, तेव्हा डॉक्टरांनी त्या दिशेने पाहावं.

मागच्या साथींना मराठी माणसाने स्वतःची नावं दिली होती. 1918 च्या इन्फ्लूएन्झाला महाराष्ट्रात मानमोडी म्हणत. डेंग्यूला हाडमोड्या ताप हे नाव आहे. आजार शरीराचं काय मोडतो ते नावातच सांगून टाकलेलं. कोविडला तसं नाव मिळालं नाही. करोना लिहायचं की कोरोना एवढाच वाद वृत्तपत्रांत राहिला. टाळेबंदी, विलगीकरण, सहव्याधी हे शब्द त्या वर्षांत घरोघरी पोचले, पण ते सगळे शासनाच्या आणि डॉक्टरांच्या बाजूचे. रुग्णाच्या बाजूचा शब्द घडायचा राहून गेला.

त्याऐवजी एक भीतीचा शब्द मात्र हाताशी होता, स्मृतिभ्रंश. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो क्रोधाच्या परिणामांत येतो. आजच्या वैद्यकीय मराठीत डिमेन्शियासाठी वापरतात. भ्रंश म्हणजे घसरून पडणं. चाळिशीतली माणसं इंटरनेटवर हा शब्द वाचतात आणि रात्र जागून काढतात. कोविडनंतरचा बिघाड म्हणजे डिमेन्शिया नव्हे. डिमेन्शिया बहुधा वाढत जातो. या रुग्णांपैकी बरेच जण महिन्यांच्या हिशेबाने सावरतात, काहींना मात्र वर्षं लागतात. आणि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ('नाठी' म्हणजे 'नष्ट'चंच प्राकृतातून घासलं गेलेलं रूप) आता कोणाच्याच तोंडावर मारू नये. साठीच्या माणसालाही उपचार हवा असतो.

सावरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एक साधन वापरलेलं मी पाहिलं, यादी. 'याद' या फारसी शब्दातूनच ती आली. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'याद' म्हणजे स्मरणार्थ लिहून ठेवलेलं टिपण. पेशवे दफ्तरातल्या कारकुनांना डोक्यावर विसंबायचं नव्हतं म्हणून यादी होत्या, तसंच आज ज्याला लक्षात राहत नाही त्याने त्या कराव्यात. दाराव्याच्या मावशींची वही ही त्याच परंपरेतली आहे आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. मावशींना तो वाटतही नाही.

एक व्यावहारिक गोष्ट सांगायलाच हवी. बी-12 ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, झोपेत श्वास अडणं, नैराश्य, काही औषधं, यांनीही हुबेहूब असंच होतं, आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं सर्रास आढळतं. हे सगळं तपासता येतं आणि त्यावर उपाय आहे. 'ब्रेन फॉग आहे' असं स्वतःच ठरवून घरी बसलं, तर तेवढाही उपाय हातचा जातो. डॉक्टर पाच शब्द सांगतील आणि पाच मिनिटांनी विचारतील, शंभरातून सात-सात वजा करायला लावतील, घड्याळ काढायला सांगतील. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी इथे अडखळलात तर लाजू नका. अडखळता कुठे, हेच त्यांना पाहायचं असतं.

म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांना विनंती, की डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर तीन रकाने करून लिहा: कधी लक्षात राहिलं नाही, कधी आठवलं नाही, कधी सुचलं नाही. त्या कागदावर मराठीतच लिहा आणि मराठीतच वाचून दाखवा. डॉक्टरांना विनंती, की तो कागद पूर्ण ऐकून घ्यावा. आणि घरातल्या माणसांना एवढंच सांगायचं आहे: "लक्ष कुठे असतं तुझं?" हा प्रश्न निदान वर्षभर तरी विचारू नका.